पायाखालची ऊब

कपाटाचं दार नीट लागत नव्हतं, एवढाच त्याचा गुन्हा. बिजागरीत थोडं तेल सोडलं असतं तर बिचारं आणखी कितीतरी वर्षं उभं राहिलं असतं. पण धाकटीच्या मनातून ते उतरलं होतं. आणि तिच्या मनातून वस्तू उतरली की ती घरात टिकत नसे.

"ताई, तिकडून धरा जरा," धाकटी म्हणाली.

"अगं, कपडे मावतात की यात अजून."

"मावतात हो. पण आरसा कुठाय त्याला? दुपारी टेम्पो येतोय नवीन घेऊन. ते काय डोक्यावर ठेवू?"

"याच्या आधीचं कुठं गेलं मग? ते तरी काय वाईट होतं?"

"त्याचा रंग बघितला होता का तुम्ही? आजाऱ्याच्या तोंडासारखा. तुम्ही धरताय की मी यांना हाक मारू?"

थोरलीनं कपाट धरलं. या दोघी जावा. थोरलीचा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, पण घर एकच राहिलं होतं आणि शेतही एकच. शेत थोरली बघायची, घर धाकटी बघायची, आणि धाकटीचा नवरा, म्हणजे थोरलीचा दीर, दोघींच्या मधे सापडलेला असायचा. घरात लेकरू एकच. ठकी. जन्म दिला धाकटीनं, पण पोर दिवसभर थोरलीच्या मागं. तिला ती 'मोठी आई' म्हणायची. थोरलीला स्वतःचं काही झालं नव्हतं, त्यामुळं त्या दोन शब्दांवर तिचा दिवस निघायचा.

दिरानं हातगाडी आणली. तिघांनी मिळून कपाट आडवं घातलं आणि दीर आणि थोरली गाडी ढकलत घळीकडं निघाली. ठकी कपाटावर बसली, राणीसारखी.

घळ गावाच्या पाठीमागं. थोरली लग्न होऊन आली तेव्हा ती एवढी खोल होती की काठावर उभं राहून हाक मारली तर हाक परत यायची. आता कुणी हाक मारत नव्हतं, कारण घळच राहिली नव्हती. आधी लोकांनी तिच्यात फुटलेलं टाकलं, मग फाटलेलं, मग नुसतं जुनं झालेलं. आणि आता तर ज्याचा दोष एवढाच की शेजाऱ्याकडं त्याच्यापेक्षा नवीन आलंय, तेही टाकत होते. गाद्या, खुर्च्या, टीव्ही, बूट, खेळणी, आणि त्या सगळ्यांची खोकी. सगळं त्या घळीनं गिळलं. तिचा एक चिंचोळा फाटा घरांच्या पाठीपर्यंत वर आला होता, तो तर सगळ्यात आधी भरला. त्याच्यावर लोकांनी मागच्या खोल्या वाढवल्या. यांनीही वाढवली. गुळगुळीत फरशीची, धाकटीच्या आवडीची.

मागच्या उन्हाळ्यात कुणीतरी खोकी पेटवली. धूर बरेच दिवस निघत राहिला. जळक्या रबराचा वास जेवणात यायला लागला तेव्हा लोक वैतागले आणि दोन दिवस एक मोठं यंत्र लावून वरून जाड माती पसरली. रूळ फिरवला. धूर बंद झाला. एवढी सपाट, एवढी मोठी जागा गावाला कधी मिळालीच नव्हती. सगळे खूश. या वर्षीचं गावाचं सामाईक खळं तिथंच करायचं ठरलं, मका वाळवायला. उरलेल्या टोकाला टाकाटाकी चालूच होती.

कपाट त्या टोकावरून लोटून दिलं. आरसा नसलेलं कपाट गडगडत गेलं आणि एका गादीवर उताणं पडलं. परत निघताना थोरलीनं खळ्याच्या कडेला चपला काढल्या. जिथं धान्य पसरायचं तिथं चपला घालून जायचं नाही, ही तिच्या सासूची शिस्त. सासू गेली, शिस्त राहिली. गावात बाकी सगळे आता बूट घालूनच फिरायचे.

तिनं पाऊल टाकलं आणि चटकन मागं घेतलं.

पुन्हा टाकलं. सगळीकडं दव पडलं होतं, बांधावरचं गवत ओलंचिंब होतं, बोटं गारठून बधिर झाली होती. आणि ही माती कोमट. नुकतंच कुणी झोपून उठल्यावर अंथरूण असतं, तशी.

"भाऊजी," ती म्हणाली, "इकडं या. पाय ठेवा इथं."

दिरानं बुटासकट पाय ठेवला. "काय झालं?"

"बूट काढून ठेवा."

"या गारठ्यात? वहिनी, चला आता. टेम्पो येईल."

"जमीन गरम आहे हो."

"उन्हानं तापली असेल."

"ऊन कुठाय? अजून सूर्य डोंगराच्या मागं आहे."

दिरानं आभाळाकडं बघितलं, मग तिच्याकडं बघितलं आणि गाडी उचलून चालायला लागला. थोरली मात्र हलेना. ती वाकली, तळहात मातीवर टेकवला. सगळ्या खळ्यावर दवाचा एक थेंब नव्हता.

तिला आपली चूल आठवली. धाकटीनं गॅस आणायच्या आधी रोज संध्याकाळी थोरली निखाऱ्यावर राख लोटायची. वरून बघणाऱ्याला वाटावं, विझली. सकाळी राख बाजूला केली की आत लाल. राखेनं निखारा मरत नाही, झाकून राहतो, हे घरातल्या कुठल्याही बाईला ठाऊक. आणि इथं तर अख्ख्या गावानं मिळून राख लोटली होती.

*

हे तिनं सगळ्यांना सांगितलं. सांगायला ती लाजली नाही. नळावर सांगितलं, दुकानात सांगितलं, वाटेत भेटेल त्याला थांबवून सांगितलं.

लोकांनी ऐकलं, आणि मग जे केलं त्यानं तिनं कपाळाला हात लावला. लोक एकेक करून खळ्यावर जाऊन आले, वाकून हात लावून आले आणि खूश झाले.

"खरंच की," एक जण म्हणाला. "फुकटची ऊब. आपला मका चार दिवसांत वाळेल, शेजारच्या गावाचा ओलाच राहील."

"अहो पण ती ऊब येते कुठून?"

"येते ना? मग झालं तर. येतेय तर येऊ दे."

कोपऱ्यावरचा दुकानदार तर हुशार. टेम्पो त्याचाच. गावात येणारी प्रत्येक नवी वस्तू त्याच्याच हातून यायची. त्यानं पुढच्या खेपेला जाड तळाचे बूट आणले आणि दारात टांगले.

"तुमच्यासाठीच आणलेत वहिनी," तो म्हणाला. "हे घाला आणि मग सांगा, लागतंय का काही पायाला."

"म्हणजे मला कळू नये म्हणून बूट घालू?"

"त्रास होऊ नये म्हणून. तुम्ही प्रत्येक गोष्टीचं वाकडंच घेता."

"आणि खाली जे आहे ते?"

दुकानदार हसला. "खाली काय आहे? जुनं सामान. त्याला कोण विचारतंय."

बूट झपाट्यानं खपले. धाकटीनं तिघांसाठी घेतले, ठकीसाठी लाल. थोरलीसाठीही आणले. थोरलीनं ते खोक्यातच ठेवले.

"एवढ्या प्रेमानं आणले," धाकटी फुरंगटून म्हणाली, "आणि तुम्ही बघतसुद्धा नाही."

"प्रेमानं आणलेस ते कळतं गं. पण माझं ऐक. आपला मका तिथं नको घालायला. वरच्या शेतात जुनं खळं आहे, मी सारवून घेते."

"तिथं आठ-आठ दिवस कणसं उलटत बसायचं? सगळ्यांचं आटपेल आणि आपण तिथंच. लोक काय म्हणतील?"

"लोक काहीही म्हणोत."

"तुम्हाला काय जातंय म्हणायला. मला चार बायकांत उठावं बसावं लागतं."

दिरानं मधला मार्ग काढला, तो नेहमी काढायचा तसा. निम्मा मका सामाईक खळ्यावर, निम्मा वर थोरलीकडं. दोघींपैकी कुणाचंच मन मोडलं नाही आणि कुणाचंच समाधानही झालं नाही. थोरली एकटी वरच्या शेतात गेली, गवत काढलं, माती कालवून जुनं खळं सारवलं. तिथली जमीन गार होती. अनवाणी उभं राहिल्यावर थंडी पार पोटऱ्यांपर्यंत चढायची, आणि तेवढा वेळ तिच्या जिवात जीव असायचा.

पण ठकी वर येईना. गावातली सगळी पोरं खालच्या खळ्यावर. तिथं ऊब होती. मांजरं तिथं, कुत्री तिथं, म्हातारी माणसं पाठ शेकायला तिथं. कुणी दुपारचं जेवण घेऊन यायचं आणि तिथंच आडवं व्हायचं. थोरली येता-जाता तिथून जायची तेव्हा तिला ते बघवत नसे. हसणाऱ्या माणसांच्या खाली काय धुमसतंय, हे तिला सारखं दिसत राहायचं. पाय टाकताना ती आता चाचपून टाकायची. आणि रोज माती आदल्या दिवसापेक्षा थोडी जास्त गरम लागायची. मधोमध एक भेग पडली होती, करंगळी जाईल एवढी. तिच्यापाशी वाकलं की तोच वास. जळक्या रबराचा.

भेग तिनं दिराला दाखवली. त्यानं बुटानं माती लोटून बुजवली. "झालं बघा," म्हणाला.

मग ती बाहुलीची गोष्ट झाली.

संध्याकाळी ठकी रडत घरी आली. हातात तिची बाहुली, पण ती आता बाहुली राहिली नव्हती. तोंड वितळून एका बाजूला ओघळलं होतं, एक डोळा गालावर आला होता, केसांचा काळा गोळा झाला होता.

"कुठं ठेवली होतीस हिला?" थोरलीनं विचारलं.

"थंडी वाजत होती तिला," ठकी हुंदके देत म्हणाली. "म्हणून झोपवलं."

"कुठं झोपवलंस?"

"खळ्यावर. खड्डा केला आणि वरून पांघरूण घातलं मातीचं."

"किती खोल खड्डा?"

ठकीनं आपलं कोपर दाखवलं.

कोपराएवढं. पोरीच्या कोपराएवढं खाली प्लॅस्टिक वितळतंय. ती बाहुली तशीच घेऊन आत गेली आणि धाकटीच्या समोर धरली. धाकटी नव्या कपाटाच्या आरशात केस विंचरत होती.

"हे बघ."

"अगं बाई." धाकटीनं नाक मुरडलं. "काय करून ठेवलंय हिनं."

"हिनं नाही. खळ्यानं. नुसतं मातीत ठेवलं होतं."

धाकटी क्षणभर बाहुलीकडं बघत राहिली. थोरलीला वाटलं, आता कळलं हिला. आरशातसुद्धा तिचा चेहरा जरा उतरल्यासारखा दिसला. मग धाकटीनं बाहुली दोन बोटांत धरली.

"हलक्या प्रतीची होती," ती म्हणाली. "मी तेव्हाच म्हटलं होतं यांना. ठकी, रडू नको. परवा टेम्पो येतोय, त्यातून मोठी घेऊ. बोलणारी."

ठकीचं रडू थांबलं. "बोलणारी?"

"हो. डोळे मिटणारी आणि बोलणारी."

"अगं धाकटे," थोरली म्हणाली, "बाहुलीच्या जागी उद्या पोर असेल तिथं. तू काय बोलतेस तुझं तुला तरी कळतंय का?"

"तुम्ही अभद्र बोलू नका ताई." धाकटीचा आवाज चढला. "रोज उठून तेच. गाव हसतंय आपल्याला. दुसरं काही सुचतच नाही तुम्हाला. माझी पोर आहे ती, मला काळजी नाही का?"

"आहे गं. म्हणून तर तुला सांगतेय."

वितळलेली बाहुली दुसऱ्या दिवशी घळीच्या टोकावरून खाली गेली.

*

मळणीचा दिवस ठरला. दाणे काढायचं यंत्र बाहेरगावाहून येणार होतं, ट्रॅक्टरला जोडून. गावाची सगळी कणसं खळ्यावर ढीग करून ठेवली होती, घराघराचा ढीग वेगळा. वरून बघितलं की नुसतं पिवळंधमक. लोकांना कसली घाई झाली होती म्हणून सांगू. मका विकला की कुणाकडं नवा फ्रिज यायचा होता, कुणाकडं मोठा टीव्ही. दुकानदार आदल्या दिवसापासून लोकांची मागणी विचारत हिंडत होता.

थोरली सकाळी वरच्या खळ्यावर होती. तिचा मका अजून दमटच होता. खालून गलका ऐकू आला तेव्हा तिनं कणसं उलटायचं दाताळं टाकलं आणि खाली निघाली. ठकीला तिनं बजावलं होतं, आज तिकडं जाऊ नको. पण पोरीचं ऐकणं तिला माहीत होतं.

खळ्यापाशी पोहोचली तर सगळं गाव हसतंय. ढिगांच्या भोवती गोल करून उभी होती माणसं, आणि मधून आवाज येत होता. फट्. मग थोड्या वेळानं, फट्, फट्. ढिगाच्या बुडातून पांढरं काहीतरी उडून बाहेर पडायचं आणि पोरं त्याच्यावर झडप घालायची.

लाह्या फुटत होत्या.

"बघा वहिनी," दुकानदार तोंडात लाही टाकत म्हणाला. "तुमची गरम जमीन. आता तर जेवायला पण घालायला लागली."

सगळे खो-खो हसले. कुणीतरी लाह्यांची ओंजळ तिच्यापुढं धरली. धाकटीही तिथंच होती, हसत होती, तोंडावर हात धरून. यंत्रवाला ट्रॅक्टर सुरू करून खळ्यावर चढवत होता आणि तोही हसत होता. आणि ठकी, लाल बूट घातलेली, मधल्या सगळ्यात मोठ्या ढिगाच्या पायथ्याशी वाकून लाह्या वेचत होती.

एवढी माणसं, सगळ्यांना कान, सगळ्यांना डोळे, आणि कुणालाच ऐकू येत नाही की मका फुटायला चूल लागते. थोरलीनं चपला टाकल्या आणि ती पळत सुटली. मातीनं तळवे पोळले. दहा पावलांवर तर तिला वाटलं आपण तव्यावरून पळतोय. तरी ती थांबली नाही.

ट्रॅक्टरमागचं यंत्र खळ्याच्या मधोमध आलं. आधी एक चाक हळूच खाली बसलं, एखादा दमलेला माणूस बसतो तसं. यंत्रवाल्यानं मागं वळून बघितलं. मग जमीन धपकन आत गेली.

थोरलीनं ठकीला दंडाला धरून ओढलं. दोघी मागं पडल्या. त्यांच्यासमोर तो पिवळा ढीग खालून पोकळ होत गेला, मधोमध खचला, आणि आतली कणसं दिसली. वरचा थर तेवढा पिवळा होता. बाकी सगळा कोळसा. मग गरम वाफेचा आणि धुराचा लोट आला, त्यात काहीच दिसेना. नुसती माणसांची पळापळ, आणि खाली कुठंतरी यंत्र उलथल्याचा आवाज.

यंत्रवाला वाचला. ट्रॅक्टरचं तोंड काठावर अडकलं होतं, त्यानं उडी मारली. माणूस एकही गेला नाही, हे नशीबच. पण गावाचा मका गेला. जे ढीग खचले नाहीत त्यांच्यातही लोकांनी हात घातला तेव्हा वरची दोन-तीन कणसं सोन्यासारखी आणि खाली काळी राख. लोक एकेका ढिगापाशी जायचे, वरून बघून म्हणायचे, आपला बरा आहे, आणि हात घालून गप्प व्हायचे.

ठकीच्या लाल बुटांचे तळ वितळले होते. पाय मात्र शाबूत होते. थोरलीचा डावा तळवा पार सोलून निघाला होता. धाकटी धावत आली, पोरीला छातीशी धरलं, तिच्या केसांवरून, पाठीवरून, पायांवरून हात फिरवत राहिली. मग थोरलीच्या पायाकडं बघितलं आणि ढसाढसा रडली. थोरलीनं तिला बोल लावला नाही. जे सांगायचं ते तिचं आधीच सांगून झालं होतं.

*

आता तुम्हाला वाटेल, गाव शहाणं झालं असेल. थोरलीलाही तसंच वाटलं होतं. पहिले काही दिवस सगळे भेदरलेले होते खरे. खड्ड्यात पाणी ओतून बघितलं, तर तोफेसारखा आवाज होऊन वाफ वर आली आणि लोक पळाले. मग कुणी तिकडं फिरकेना. घरोघरची माणसं थोरलीकडं मका मागायला आली. तिचा तेवढा वाचला होता. तिनं कुणाला नाही म्हटलं नाही.

पण भीतीसुद्धा जुनी होते. एक दिवस कुणीतरी धीर करून एक मोडकी खुर्ची त्या खड्ड्यात टाकली. खुर्ची भसकन पेटली आणि दिसेनाशी झाली. काठावर उभे असलेले एकमेकांकडं बघायला लागले.

"राखसुद्धा उरली नाही," एक जण म्हणाला.

"म्हणजे हा आता कधी भरायचाच नाही."

"बरं झालं की एका अर्थी."

आठवडा गेला नाही तोवर खड्ड्यापर्यंत हातगाड्यांची वाट पडली. टेम्पो पुन्हा सुरू झाला. थोरली दारात बसून बघायची. पायाला पट्टी होती, चालता येत नव्हतं, पण धूर किती वाढला ते बसल्या जागेवरून दिसत होतं. तिनं काही म्हणायचंच सोडून दिलं. झोपेतही मात्र पायानं जमीन चाचपायची.

एकदा सकाळी ठकीनं मागच्या खोलीतून हाक मारली. "मोठी आई, ये ना इकडं. बघ मी कशी झोपलेय."

थोरली भिंत धरून उठली. ती पुढच्या जुन्या खोलीत राहायची, मातीच्या जमिनीवर. मागच्या खोलीत फारशी जात नसे. उंबरा ओलांडून तिनं उजवा पाय आत टाकला, पट्टी नसलेला.

ठकी उघड्या फरशीवर पालथी पडली होती, पायांत नवे बूट, गाल फरशीला लावून. शेजारी नवी बाहुली, डोळे मिटलेली. "इथं किती छान वाटतं," ठकी म्हणाली. "अंथरूणसुद्धा लागत नाही."

थोरलीनं पाय तिथंच ठेवला. हलवला नाही. तिचं सगळं अंग गार पडत गेलं, तेवढा एक तळवा सोडून.

धाकटी चहा घेऊन आली. घरात घालायच्या वेगळ्या चपला होत्या तिच्या, मऊ, जाड.

"धाकटे," थोरली हळूच म्हणाली. "चपला काढ."

"का हो?"

"काढ तू."

धाकटीनं थोरलीच्या तोंडाकडं बघितलं. या वेळी ती हसली नाही, की उलट बोलली नाही. कप खिडकीत ठेवला आणि एकेक पाय चपलेतून बाहेर काढून फरशीवर टेकवला. तिच्या ओठांचा रंग उडाला.

"ताई," ती म्हणाली. "हा तर घळीचा फाटा."

"हो."

"आपण याच्यावर झोपतो."

"हो गं."

दीर दारात आला होता. त्याला सांगितलं. त्यानं वाकून फरशीला हात लावला, उचलला, पुन्हा लावला. त्याचाही चेहरा पडला. पण मग तो सरळ उभा राहिला आणि मधला मार्ग काढला.

"गालिचा टाकू," तो म्हणाला. "जाड मिळतो हल्ली. आज टेम्पो येतोयच, मी सांगून ठेवतो त्याला."

थोरलीनं ठकीला उचललं. पोर आता जड झाली होती, आणि तळवा ठणकत होता, पण तिनं तिला खाली ठेवलं नाही. ती घराबाहेर पडली आणि वरच्या शेताची वाट धरली. मागून दिरानं हाक मारली, वहिनी, कुठं निघालात. तिनं वळून पाहिलं नाही. पट्टी बांधलेला पाय ती नुसता टेकवत होती आणि उघड्या पायानं जमीन विचारत होती. अंगणात ऊब होती. गल्लीत होती. गावाबाहेरच्या बांधापाशीसुद्धा थोडी होतीच. ती लंगडत चढत राहिली. जुन्या खळ्यापाशी आल्यावर माती एकदम गार लागली, ओली, टोचणारी. तिथं तिनं ठकीला उतरवलं आणि तिथंच बसकण मारली.

खाली गावात टेम्पोचा भोंगा वाजला. माणसं घराघरातून बाहेर येताना दिसत होती.

आणि वाटेनं धाकटी वर येत होती. काखेत गोधडी, केस सुटलेले, पाय अनवाणी. सवय नसल्यानं खड्यांवर पाय पडला की कळवळत होती, तरी थांबत नव्हती. जवळ आली, गोधडी टाकली, खाली बसली आणि आधी ठकीचे बूट काढले. पोरीचे दोन्ही पाय तिनं हातांनी धरून मातीवर टेकवले. ठकी कुरकुरली, थंडी वाजते म्हणाली. तरी धाकटीनं सोडले नाहीत.

"इथं गार आहे ना ताई?" तिनं विचारलं. तिचे दात वाजत होते, थंडीनं की कशानं कुणास ठाऊक.

थोरलीनं तळवा मातीवर ठेवला आणि थोडा वेळ तसाच ठेवून बघितला.

"आज तरी आहे," ती म्हणाली.